एकेचाळिसावं पान

सोमवारी सकाळी शिवकन्येने तीन नंबरच्या मशीनवरची खोळ ओढली, पडद्याचं बटण दाबलं, आणि पडदा उजळला. शनिवार अजून तिथेच बसलेला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, वर पान एकेचाळीस, सातवी ओळ: लाल कंधारी गाय, गाभण, सात महिने. आणि ओळीच्या शेवटी तो चौकोनी ठिपका उघडझाप करत होता, शनिवारी पावणेपाचला करत होता तसाच. मधला आख्खा रविवार तिने मावशीच्या घरी काढला होता; पंधरा दिवसांनी नळ आला म्हणून घागरी भरल्या होत्या, डोक्यावरून न्हाली होती, दुपारभर झोपली होती. आणि हा इथे लुगड्याच्या खोळीखाली, अंधारात, डोळा न लावता तिचं काम धरून बसला होता. एखाद्याला ‘जरा लक्ष ठेव रे’ म्हणून आपण निघून जावं, विसरून जावं, आणि त्याने दोन दिवस जागचं हलू नये, तसा. रात्री लाइट गेल्यावर सुटलं असेल, अशी तिला धाकधूक होती. पण सहकारी संघाच्या ऑफिसात ट्रकची काढलेली बॅटरी जोडलेली होती, बीड शहरातली लाइट गेली तरी मोठं मशीन जात नव्हतं. ते सगळं लक्षात ठेवतं, याचाच तर तिला केवढा अभिमान होता!

दहावीची परीक्षा दिलेली, निकाल लागायचा, आणि तेवढ्यात या ऑफिसात खुर्ची मिळालेली. त्या वर्षी बिंदुसरेच्या धरणात ढेकळं दिसत होती, जिल्हाभर जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या, आणि त्यातल्या बारा छावण्या या सहकारी संघाच्या अंगावर होत्या. कुठल्या छावणीत कुणाची किती जनावरं, कुणाच्या कानात कोणता बिल्ला, कुणाला किती चारा, हे सगळं वह्यांतून मशीनवर घ्यायला माणसं मिळेनात. ‘टायपिंग येतं का?’ असं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘टायपिंग काय, मशीनच येतं!’ तिची बोटं अशी पळायची की बाजूच्या एक नंबरवर बसणारा त्रिंबकदादा म्हणायचा, ‘हळू गं बाई, बटनं उपटून हातात येतील.’ आठवड्यात ती सगळ्यांच्या पुढे गेली. चालताना तिच्या चपला वाजायला लागल्या. मावशी म्हणाली, ‘पोरगी वितभर उंच झाली की काय!’ आणि खरंच तिला वाटायचं, आपण उंच झालोय. इथून, या पत्र्याच्या खोलीतून, आपल्याला वडवणीपासून दिंद्रुडपर्यंतची सगळी जनावरं दिसतात, दावणीसकट.

‘एकेचाळीस काय सुटंना,’ त्रिंबक म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं, पडद्याकडेच पाहून तो बोलत होता. ‘शनवारपासून तेच. पान वापरात हाय, थांबा. पान वापरात हाय, थांबा. किती थांबायचं, पाऊस पडस्तोवर का?’

‘पान?’ शिवकन्या म्हणाली. ‘म्हणजे ओळ ना?’

‘ओळ न्हाई, आख्खं पान. बावीस जनावरं. संध्याकाळी चाऱ्याच्या चिठ्ठ्या छापायला घातल्या की मशीन तेवढं पान सोडूनच पुढं जायलंय. शनवारी तसंच, काल तसंच. काल मी एकटाच आलतो, मला वाटलं, आज सुटंल.’

तिने खाली पाहिलं. कळफलकावरची तिची बोटं आपली नव्हेतच, कुणीतरी तिथे ठेवून गेलंय, अशी पडलेली होती. पान. बंकटसरांनी सांगितलं होतं. हे मशीन बसवायला अंबाजोगाईहून आलेले बंकटसर. पहिल्या दिवशी चौघांना समोर बसवून, खडूने भिंतीवर चौकोन काढून त्यांनी सांगितलं होतं. ही सगळी नोंद आत तबकडीवर असते, पण काम चालतं ते वर, सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या एका पाटावर. तुम्ही जे जनावर मागाल त्याचं पान मशीन आतून उचलतं आणि पाटावर ठेवतं. पाट एक, बसणारे चार. नुसतं वाचायचं असेल तर चौघांनी डोकवा, कुणाचं काही बिघडत नाही. पण एकाने लिहायला घेतलं की पान त्याचं; त्याने ‘जतन’ म्हणेपर्यंत किंवा ‘रद्द’ म्हणेपर्यंत दुसऱ्याने लिहायचं तर नाहीच, वाचायचंही नाही, कारण अर्धवट लिहिलेलं वाचणं म्हणजे खोटं वाचणं. ‘आणि जो थांबलाय त्याचा नंबर लागतो,’ सर म्हणाले होते. ‘पहिला सोडेल, त्या क्षणी दुसऱ्याला मिळतं. मशीन विसरत नाही.’ मग कुणीतरी विचारलं होतं, ‘सर, एकाच ओळीचं काम असलं तर आख्खं पान कावून धरायचं?’ आणि सर हसले होते: ‘ओळीओळीला कुलूप लावायचं म्हणजे कुलपंच ठेवायला जागा पुरायची नाही. आपलं मशीन गरिबाचं आहे. एका पानाला एक कुलूप.’ हे तिने ऐकलं होतं! वहीत लिहूनही घेतलं होतं! पण त्याच वेळी सरांनी विचारलेल्या पुढच्या प्रश्नाला सगळ्यांच्या आधी हात कुणी वर केला होता? हिनेच. आणि ‘शाब्बास’ ऐकून कानात अशी काही ऊब भरली होती की कुलपाची गोष्ट त्या उबेत विरघळून गेली असावी. आपल्याला सगळं येतं, असं ज्याला कळतं त्याला नेमकं एवढंच कळायचं राहतं.

बाहेरच्या बाकावर पंडितनाना बसले होते. तिचे धाकटे चुलते. पांढरं धोतर, गुडघ्यावर टोपी, हातात सुपारीची चंची. सकाळी नऊपासून तिथे बसलेले, आणि अजून आठ तास बसायची तयारी असलेले. शनिवारी साडेचारला ते असेच आले होते, त्रिंबकच्या हातात अर्ज दिला होता, आणि तिच्याकडे पाहून म्हणाले होते, ‘काय गं, सायेबीन झालीस का?’ तिने त्रिंबकच्या खांद्यावरून अर्ज वाचला होता. आज्याच्या नावावरची गाय नानाच्या नावावर करायची, वारस म्हणून. आजा जाऊन तीन महिने झाले होते. आज्याने जाता जाता काय केलं होतं हे साऱ्या घराला माहीत होतं. गाभण गायीचं दावं त्याने थोरल्या सुनेच्या, म्हणजे शिवकन्येच्या आईच्या, छबुबाईच्या हातात दिलं होतं आणि गावच्या मास्तरांकडून कागद लिहून घेऊन अंगठाही उठवला होता. पण कागद छावणीत होता, छबुबाईच्या गाठोड्यात, आणि अर्ज इथे होता, त्रिंबकच्या हातात. त्रिंबक चष्मा पुसत होता. चष्मा पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शिवकन्येने बिल्ल्याचा नंबर टाकला, पान मागितलं, सातव्या ओळीवर गेली आणि ‘बदल’ दाबलं. काहीच बदललं नाही. नुसतं धरलं. मग पडदा बंद केला, आईने जुन्या लुगड्याची शिवून दिलेली खोळ चढवली, आणि मावशीकडे जाताना चौकातल्या फोनवरून छावणीत निरोप ठेवला: आईला म्हणावं, सोमवारी दुपारच्या गाडीने कागद घेऊन ये. रस्त्याने तिला हसू येत होतं. नाना बाकावर, आणि गाय तिच्या एका बोटाखाली!

गाय गेली असती तर नुसती गाय गेली नसती. बाप कर्नाटकात बोअरच्या गाडीवर होता. गावातली विहीर जानेवारीतच आटली होती. ज्याचं जनावर छावणीत त्यालाच छावणीत राहायला मिळायचं, तिथल्या टँकरचं पाणी मिळायचं. जनावर नाही, तर छबुबाईने गाठोडं उचलायचं आणि रिकाम्या गावात जाऊन बसायचं. म्हणजे तिने धरून ठेवलं होतं ते आईचं पाणी. हे ती मनाशी म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला तरी पटवून देतोय.

फोन वाजला. वडवणीजवळच्या छावणीवरून रामहरी, तिथला व्यवस्थापक. त्रिंबकने फोन कानाला लावला तरी त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

‘चिठ्ठ्या पाठीवता का न्हाई? बावीस जनावरं दोन दिवस झालं बिनचिठ्ठीची हायत!’

‘अरे मग हातानं यादी कर अन् दे की चारा.’

‘देतो की! तू येतो का तपासणीला उत्तर द्यायला? मागल्या हप्त्यात पथक येऊन गेलं, यादीत नसलेलं जनावर दावणीला सापडलं तर छावणी बंद म्हनून सही घेतली माझी. लोकांनी काल आपल्यातलं थोडं थोडं दिलं एकमेकांना. आज कोन देतंय? सगळ्यांचंच जेमतेम. ती भिवराबाई सकाळपासून माझ्यापुढं बसलीय, म्हैस व्यालीय तिची, दाव्याला हिसके द्यायलीय.’

भिवराबाईची म्हैस. शिवकन्येने डोळे मिटले नाहीत, तरी तिला पडदा दिसेनासा झाला. सातव्या ओळीखाली आठवी, आठवीखाली नववी: म्हैस, गावरान, व्यालेली, मालक भिवराबाई. दोघींची दावण जवळ, म्हणून नोंद जवळ, म्हणून पान एक. छावणीत ती आईकडे जायची तेव्हा ही म्हातारी आपल्या तांब्यातला चहा तिला अर्धा द्यायची. नको म्हटलं तर ‘पी गं, शहरात गेलीस म्हनून काय आमचा चहा कडू झाला?’ असं म्हणायची. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याशी बोलायची, आणि म्हैस कान हलवायची, खरोखरच उत्तर दिल्यासारखी. म्हातारीला पोरं नव्हती, होती ती एक म्हैस आणि तिचं आठ दिवसांचं रेडकू.

साडेदहा वाजले होते. एक बटण. ‘रद्द’. दाबलं की पान सुटेल, बावीस चिठ्ठ्या निघतील, फोनवर नंबर सांगितले तरी रामहरी दुपारची वैरण देईल. पण पान सुटेल त्याच क्षणी दारात थांबलेला पुढचा नंबर आत येईल, आणि पुढचा नंबर त्रिंबकचा होता, म्हणजे नानाचा. मशीन विसरत नाही. त्रिंबकला सांगितलं तर? दादा, तो अर्ज जरा बाजूला ठेवा, आई येतेय कागद घेऊन. मग तो विचारणार, पान तू धरलंस का गं? शनवारपासून? आणि ती खुर्ची, त्या वाजणाऱ्या चपला, ते ‘शाब्बास’... छे! गाडी साडेबाराला येते. दोन तास. दोन दिवस निघाले, दोन तास काय? म्हैस काही दोन तासांत मरत नसते. हे वाक्य तिच्या डोक्यात इतकं स्वच्छ उमटलं की तिला ते टाइप केल्यासारखं दिसलं, हिरव्या अक्षरांत, आणि त्याच्या शेवटी ठिपका उघडझाप करत होता.

तिला बैल आठवले. आज्याने जिवंतपणीच वाटणी केली होती, आणि जोडीतला एक बैल बापाकडे आला, एक नानाकडे गेला. पेरणी आली तेव्हा बाप म्हणाला, तू तुझा बैल आधी दे, मग मी देतो. नाना म्हणाला, तू आधी दे. दोघांच्या दावणीला एकेक बैल रवंथ करत उभा, दोन्ही रानं तशीच, आणि वाफसा निघून गेला. आजा ओसरीवर बसून दोन्ही घरांकडे बघायचा. कुणी सोडायचं? जो सोडेल तो हरला. बंकटसरांनी हेही सांगितलं होतं: दोघांनी एकेक पान धरलं आणि दोघांनाही दुसऱ्याचं पाहिजे, तर मशीन थांबून थांबून शेवटी एक बळी निवडतं. ज्याचं काम कमी झालंय, ज्याला मोडलं तर थोडं नुकसान, त्याला मोडतं. तेव्हा वर्गात सगळे हसले होते. मोठ्या मशीनमध्ये असतं ते, सर म्हणाले होते, आपल्यात नाही. आपल्यात माणसांनीच समजून सोडायचं. त्या वर्षी घरातही कुणी निवडलं नव्हतं. नानाचा बैल म्हातारा होता, तो आपला आपण बसला आणि उठला नाही. बळी कुणी घेतला नाही, म्हणजे तो कुणाच्याच माथी नाही, असं दोन्ही घरांत धरून चालले होते. शिवकन्या तेव्हा सहावीत होती. तिने ठरवलं होतं, आपण यांच्यासारखं कधीच व्हायचं नाही.

अकरा. त्रिंबकने बंकटसरांना फोन लावला, तो लागला नाही. सव्वाअकरा. पंडितनाना दारात आले, ‘झालं का रे त्रिंबक?’ म्हणाले, आणि मग तिला, ‘शिवे, तू तरी बघ की. तुला तर लई कळतं म्हनत्यात.’ आवाजात टोमणा होता, पण डोळे लाल होते. त्यांच्याही घरी पाणी नव्हतंच. हे तिला आधी सुचलं नव्हतं. ती म्हणाली, ‘मशीन अडकलंय, नाना,’ आणि तिचा आवाज इतका शांत आला की तिलाच त्याची भीती वाटली. पत्रा तापला. पंख्याने गरम हवा इकडची तिकडे केली. तिच्या तळहाताचा घाम कळफलकावर उतरला आणि बटणं चकाकू लागली. मधेच तिचं बोट ‘रद्द’वर जाऊन टेकलं. टेकून राहिलं. बाहेर कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला आणि तिने बोट उचललं.

पावणेएकला छबुबाई आली. दारात उभी राहिली, पायात धूळ, कपाळावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. ‘घे,’ ती म्हणाली. नानाकडे तिने पाहिलं नाही. मग बाकाच्या कडेला हात टेकून खाली बसली आणि म्हणाली, ‘भिवराबाईची म्हैस पडली गं.’

शिवकन्येने कागद धरला होता. त्याला गाठोड्याचा वास येत होता.

‘कशानं?’ त्रिंबकने विचारलं.

‘काय सांगू दादा. चिठ्ठी न्हाई म्हनून दोन दिवस वैरन न्हाई, आमच्या गायीलाबी न्हाई. अकरा वाजस्तोवर वाट बघितली म्हातारीनं. मग म्हनली, नारायणगडाची आन, आता न्हाई बघवत. सोडून नेली मागच्या रानात. अवकाळीच्या त्या एका सरीनं ज्वारीच्या धसकटांना हिरवे फुटवे आलेत न्हाईत का? लई वेळा मी म्हनलं, भिवरामाय, तिकडं नको, किराळ लागंल. ती म्हनली, चार घास खाऊ दे, मी लगेच वढून आनते. चार घासच खाल्ले. पोट फुगलं, पाय ताटले, तोंडाला फेस, अन् गेली. मी गाडीत बसले तवा रेडकू तिला ढुसण्या देत होतं.’

नानांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. तहानेनं वाढ खुंटलेल्या ज्वारीचा कोंभ विष असतो, हे बीडमधल्या लहान पोरालाही ठाऊक. भिवराबाईला तर सत्तर वर्षांपासून ठाऊक. तरी तिने नेली. अकरा वाजेपर्यंत थांबून मग नेली. अकरा वाजता आपलं बोट कुठे होतं? शिवकन्येने सातव्या ओळीकडे पाहिलं. मग तिने ते केलं जे करण्यासाठी तिने दोन दिवस पान धरलं होतं. मालक: छबुबाई. आधार: अंगठ्याचा कागद. जतन. ठिपका नाहीसा झाला. बाजूला त्रिंबकच्या मशीनने टुंग केलं, आणि तो म्हणाला, ‘अरे, सुटलं! ... नाना, पर ही नोंद तर आताच बदलली म्हनतंय.’ मागची छपाईची पेटी जागी झाली आणि चिठ्ठ्या ओकायला लागली, बावीस, एकामागून एक, करकरत. त्यात नववीही होती.

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘वाचवलंस गं माझे बाई,’ ती हळूच म्हणाली.

बंकटसरांचा फोन संध्याकाळी लागला. ‘टर्मिनल हँग झालं असेल,’ ते म्हणाले, ‘होतं असं.’ त्रिंबकने वहीत तसंच लिहिलं. रामहरीनेही तसंच लिहिलं. एकाने सांगितलं आणि दोघांनी लिहिलं म्हटल्यावर ते खरं झालं.

बुधवारी भिवराबाई स्वतः आली. मेलेल्या जनावराची नोंद मालकाने अंगठा देऊन करायची असते. तिने कनवटीचा पिवळा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला. त्याला कानाचे दोन राठ काळे केस चिकटलेले होते. त्रिंबक तिला आपल्याकडे बोलावत होता, पण ती म्हणाली, ‘हिच्याकडूनच लिवून घेते. हिचा हात हलका हाय.’ आणि तीन नंबरसमोर स्टुलावर बसली.

‘रेडकू कसंय, आजी?’

‘तुझ्या आईच्या गायीजवळ बांधलंय. तिला कुठं दूध हाय अजून? पर हुंगती बिचारी. चाटती.’ मग पडद्याकडे पाहत, ‘कावून गं बाई, आमच्याच चिठ्ठ्या कावून अडकल्या?’

शिवकन्येने दोन दिवस एकच वाक्य घोकलं होतं. मावशीच्या मोरीत, रिक्षात, झोपेत. ते तोंडातून निघालं तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान होतं.

‘मी धरलं होतं पान, आजी.’

‘काय धरलंतं?’

‘पान. या मशीनमधलं. आमच्या गायीसाठी. तुमची म्हैस त्याच पानावर होती. मला सोडता येत होतं. साडेदहालाच येत होतं.’

भिवराबाईने तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. उठली, आणि आपला सुरकुतलेला तळवा पडद्यावर ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवायची तसा. ‘गरम लागतंय,’ ती म्हणाली. ‘ह्याला कोन धरतंय गं? येवढी तू, येवढं हे. मशीन बंद पडलं म्हनून रामहरीनं सांगितलंय मला. अन् रानात मी नेली, तू न्हाई. वेडी. दुसऱ्याच्या मेल्याचं आपल्या अंगावर घेऊ ने, लगीन व्हायचंय तुझं.’ आणि तिने शिवकन्येच्या कानशिलांवरून हात ओवाळून आपल्या डोक्याला लावून कडाकडा बोटं मोडली.

‘आजी, ऐका ना—’

‘लिव आता. मला तीनची गाडी हाय.’

तिने बिल्ल्याचा नंबर टाकला. पान एकेचाळीस लगेच उघडलं. कुणी थांबा म्हणालं नाही. सातवी ओळ: छबुबाई. आठवी. नववी. तिने ‘बदल’ दाबलं आणि पान तिचं झालं. कारण या रकान्यात ‘किराळ’ लिहिलं. अवस्था या रकान्यातलं ‘व्यालेली’ एकेक अक्षर पुसलं आणि तिथे ‘मृत’ लिहिलं. म्हातारीने शाईत बुडवलेला अंगठा कागदावर टेकवला, निळा तसाच लुगड्याला पुसला, आणि दार ओलांडून उन्हात गेली. ती फाटकाबाहेर वळेपर्यंत शिवकन्या पाहत राहिली. मग पडद्याकडे. ठिपका उघडझाप करत होता. तिचं बोट ‘जतन’वर होतं आणि ते खाली जात नव्हतं; जोवर जात नाही तोवर, आत, तबकडीवर, ती म्हैस अजून व्यालेली होती.

‘शिवकन्ये,’ त्रिंबक पलीकडून म्हणाला, ‘एकेचाळीस तुझ्याकडं हाय का? सोड गं पान. लोकं थांबलेत.’

तिने बटण दाबलं.